साईडपट्टी

2 ऑक्टोबर 2025, गुरुवार

यंदा दीक्षाभूमीला जाणं झालं नाही. गुडघ्यानं दगा दिला. पोरगा आणि सूनबाई पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेले, घरी मी आणि नात. सकाळी विहारात वंदना झाली. दुपारी आपट्याची पानं घेऊन जुने दोन सोबती आले, चहा घेऊन गेले. मग दिवसभर अंगणात बसून पोरीची सायकल बघत होतो.

मागच्या महिन्यात शाळेतून मिळाली, मानव विकास योजनेतली. कोरी करकरीत, पुढं टोपली, मागं कॅरिअर. वस्तीतल्या सिमेंट रस्त्यावर ती झकास चालवते, हात सोडूनसुद्धा. मोठ्या रोडवर पोचली की मात्र उतरते आणि हँडल धरून ढकलत शाळेपर्यंत नेते. येतानाही तसंच. महिनाभर हे चाललंय आणि मला आज कळलं, तेही शेजारणीकडून.

विचारलं, "काऊन उतरते वं?"

"टरक बाजूनं गेला का मले हवाच ओढते, आबाजी."

पस्तीस वर्षं मी या गावात सायकलवरून टपाल वाटलं. ऊन, चिखल, पोळ्याची गर्दी, कशालाच सायकल थांबली नाही. आणि माझीच नात सायकल ओढत नेते. परवा शनिवारची सकाळची शाळा आहे, तिच्यासोबत पायदल जाऊन बघतो.

4 ऑक्टोबर, शनिवार

गेलो. गुडघा सुजलाय, पण लिहून ठेवायलाच हवं.

वस्तीतला सिमेंट रस्ता चांगला आहे. दलित वस्ती सुधारच्या पैशातला आहे, तशी पाटीही लावली आहे. रस्ता पाटीपर्यंत आहे. पाटीच्या पुढं एक पाऊल टाकलं की तो संपतो आणि तिथून मोठ्या रोडपर्यंत चढ आहे, कारण डांबराचे थर एकावर एक चढत रोड हातभर उंच झालाय. कडेला मुरूम टाकला होता, तो दोन पावसांत वाहून नालीत गेला. नालीवर झाकण नाही. तेव्हा पांढऱ्या पट्ट्याच्या आत ट्रक, बाहेर हातभर खोल उतार, त्यापलीकडं नाली, आणि या सगळ्यात साईडपट्टी म्हणतात ती कुठं आहे ते शोधायचं. सायकल एकदा डांबराखाली उतरली की परत वर येत नाही, चाक कडेला घासतं आणि माणूस रोडवर आडवा होतो. पोरगी उतरते ते बरोबरच करते.

मोरीवर दम खायला बसलो. आठ-साडेआठची वेळ. संत्र्याची गाडी, रेतीचा टिप्पर, एसटी, पुन्हा टिप्पर. कडेनं चालणारी माणसं बघत गेलो. सफाईची पहाटपाळी करून परतणाऱ्या बाया. धुण्याभांड्याला निघालेल्या दोघी. बाजारातले हमाल, डोक्यावर पोतं पांघरून. गवंडी, एका सायकलवर दोघं, मागच्याच्या हातात ओळंबा. शाळेची पोरं. दवाखान्यात निघालेली म्हातारी.

पोस्टमनची एक वाईट खोड असते. तोंड दिसलं की दार आठवतं. कोण कुठल्या घरातून निघालं, हे मला विचारावं लागत नाही. पायदल जाणाऱ्यांतले बहुतेक मला चार-पाच वस्त्यांच्या दारांवर आठवले. बौद्ध, मांग, गोंड, धोबी, मोमीन. आणि जी दारं मला चारचाकीच्या काचेआड आठवली, ती गावाच्या मधली. वहीच्या मागच्या पानावर काड्या मारून मोजणी केली आहे. ती कुणाला दाखवायची नाही. एका म्हाताऱ्यानं मोरीवर बसून मारलेल्या काड्यांना कोण काय विचारतो!

9 ऑक्टोबर, गुरुवार

पेपरात बातमी. पायी चालणाऱ्यांबाबत सुप्रीम कोर्टानं परवा, 7 तारखेला मोठा आदेश दिला. पन्नास शहरांतल्या फुटपाथांची तपासणी करा, आणि पायी चालणाऱ्यांचे व बिनइंजिनाच्या वाहनांचे नियम राज्यांनी सहा महिन्यांत बनवा. याच प्रकरणात मे महिन्यात, 14 तारखेला, कोर्टानं म्हटलं होतं की चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. वाचून बरं वाटलं. पन्नास शहरांत आमच्या आर्वीचा नंबर लागायचं कारण नाही, पण कलम 21 आर्वीतही लागू असावं.

फुटपाथ केवढा हवा, हेही ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं पुस्तक सांगतं, मोकळी रुंदी निदान 1.8 मीटर. दुपारी पोराचा टेप घेऊन गेलो. पांढऱ्या पट्ट्यापासून नालीच्या काठापर्यंत मोजायचं ठरवलं. एका ठिकाणी टेप दीड हात उघडला. पुढं उघडायची गरजच पडली नाही.

पानठेलेवाला घाबरला. "पोस्टमनकाका, अतिक्रमण मोजून राह्यले का?" असं म्हणत त्यानं बाहेर काढलेली फळी आत ओढायला सुरुवात केली. त्याला सांगितलं, बाबा, मला कोणी पाठवलं नाही. पण त्याची भीती खरी आहे. फुटपाथ मोकळा करा असा आदेश वरून खाली येतो तेव्हा पहिला हातोडा ठेल्यावर, भाजीच्या टोपलीवर आणि चांभाराच्या पेटीवर पडतो. दुकानाच्या ओट्यावर, जिन्यावर, उभ्या केलेल्या गाडीवर नंतर, किंवा पडतच नाही. पेटी घेऊन बसणारा माणूसही संध्याकाळी त्याच कडेनं पायदल घरी जातो. चालणाऱ्याला जागा करून द्यायची म्हणून त्याचंच पोट उचलायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

आणखी एक आकडा उतरवून ठेवतो. केंद्राच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यात पायी चालणारे 32,825. अहवालात वय आहे, बाई की पुरुष आहे, हेल्मेट होतं की नव्हतं आहे. जात नाही. शाळेच्या दाखल्यावर जात, शिष्यवृत्तीच्या अर्जावर जात, निवडणुकीच्या प्रभागावर जात, मेल्यावर मसणवटासुद्धा जातीचा. मरणाचा रकाना तेवढा बिनजातीचा ठेवला आहे.

14 ऑक्टोबर, मंगळवार

आज इंग्रजी तारखेनं धम्मदीक्षेचा दिवस. 1956 च्या याच तारखेला बा नागपूरला होता.

आमच्या घरात चालण्याचा इतिहास तीन पिढ्यांचा आहे. आजा कोतवाल. मूळ गाव आर्वीपासून दोन कोसांवर, मालगुजारी गाव. सरकारी कागद ठाण्यात पोचवायचा, साहेब आला तर पुढं धावत वाट दाखवायची, हे कोतवालाचं काम, आणि ते पायी. म्हणजे टपालाचा धंदा आमच्या घरात माझ्याआधीपासून आहे, फक्त आज्याला बूट आणि सायकल भत्ता नव्हता.

बा पुलगावच्या मिलमध्ये लागला. आठवड्याला पुलगाव-आर्वीच्या छोट्या रेल्वेगाडीनं घरी यायचा. 1955 मध्ये त्यानं पुलगावात एक जुनी सायकल घेतली. ती गाडीत घालून आणायची आणि स्टेशनातून गावापर्यंत चालवायची. मालगुजारी कायद्यानं गेली होती, वाडा मात्र जागेवर होता. वाडा आला की बा खाली उतरायचा, वाड्याची भिंत संपेपर्यंत सायकल हातानं ढकलायचा आणि मग पुन्हा बसायचा. कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे.

दीक्षा घेऊन परतल्यावर पहिल्याच रविवारी तो उतरला नाही. मायनं मला हे कितीदा सांगितलंय! तो उतरला नाही आणि काहीच झालं नाही. ओट्यावरचे नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलचं टायर विळ्यानं कापलेलं होतं. बानं नवं टायर टाकलं. पुन्हा कापलं नाही कुणी.

हे जुनं झालं असं म्हणणाऱ्यांसाठी कायदा काढून ठेवला आहे. घटनेच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या रांगेत रस्ते आहेत. 1955 च्या नागरी हक्कांच्या कायद्यात रस्ता आणि वाट आहे. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याला 2015 साली जी दुरुस्ती झाली, 26 जानेवारी 2016 पासून लागू, तिच्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवू न देणं, चपला-बूट किंवा नवे कपडे घालू न देणं, वरात काढू न देणं, वरातीत घोड्यावर बसू न देणं, हे गुन्हे म्हणून लिहिले आहेत. सायकल हा शब्द 2015 मध्ये कायद्यात घालावा लागला. संसदेला उगाच सुचला नसेल. तमिळनाडूतल्या काही गावांत वरच्या जातींच्या गल्लीतून जाताना दलितांनी सायकलवरून उतरायचं, हे अलीकडेपर्यंत चाललेलं आहे. बाच्या वाड्याची भिंत तिथपर्यंत लांब आहे म्हणायची.

केरळात तर रस्त्यासाठीच सत्याग्रह झाला होता. वायकोमला महादेवाच्या मंदिराभोवतीच्या चार रस्त्यांवर अवर्णांना पाय ठेवायची बंदी. 30 मार्च 1924 ला सुरू झाला, 1925 च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. शेवटी तीन रस्ते उघडले, पूर्वेचा तसाच राहिला. एवढी माणसं तुरुंगात गेली आणि मिळाला काय, तर तीन बाजूंनी चालण्याचा हक्क. बारा दिवस लागले असते तर मी चिडलो नसतो, दीड वर्षांहून जास्त!

आणि एक योगायोग, जो मला विहारात कधीतरी सांगायचा आहे. ज्या दिवशी नागपुरात बा लाखो माणसांत उभा होता, त्याच दिवसांत अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळी माणसं कामावर पायी जात होती. बसमध्ये मागं बसायचं नाकारून त्यांनी बसच सोडली होती, डिसेंबर 1955 पासून. 381 दिवस चालले. धुणंभांडी करणाऱ्या बाया त्यात सगळ्यात जास्त. बाबासाहेब 6 डिसेंबरला गेले तेव्हाही त्या चालतच होत्या.

18 ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. दिवाळीच्या सुट्ट्या. सायकल अंगणात, तिच्यावर माय-लेकींनी वाळवण घातलंय.

23 ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. धाकटी बहीण आली. ओवाळणी झाली, मग तिनं मोबाईलवर तिचा पोरगा दाखवला. अमेरिकेत सेंट पॉलला आहे, कॉम्प्युटरचं काम. माझा फोटो तिच्याकडून त्याच्याकडे आधीच गेला होता, मोरीवर टेप घेऊन बसलेला. हसत होता.

मग म्हणाला, "मामाजी, तुमचा रोड गावाच्या कडेनंच काऊन गेला, हे पाहा." त्याच्या शहरात राँडो नावाची काळ्या लोकांची जुनी वस्ती होती. घरं, दुकानं, चर्च, सगळं भरलेलं. 1950-60 च्या दशकांत महामार्ग आखला तो नेमका तिच्या पोटातून. शेकडो घरं गेली, उरलेली वस्ती दोन तुकड्यांत. 2015 साली तिथल्या महापौरांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. आणि हे एका गावाचं नाही, त्या देशात बऱ्याच शहरांत रेघ काळ्या वस्तीतूनच ओढली गेली, कारण तिथली जमीन स्वस्त आणि तिथला आवाज बारीक.

ऐकताना मला आमचंच चित्र दिसत होतं. आपल्याकडे वस्त्या मुळातच गावाच्या खालच्या अंगाला, कडेला, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या उतरत्या बाजूला बसवलेल्या. पुढं गाव वाढलं, गाड्या वाढल्या, रोड गावाबाहेरून न्यायचं ठरलं. गावाबाहेर म्हणजे कुठं? आमच्या दारातून. जमिनीचे पट्टे आमच्या नावावर नाहीत, त्यामुळे भरपाईचा कागद निघताना आम्ही अतिक्रमणवाले होतो. तिकडं मुद्दाम वस्तीतून रेघ मारली. इकडं ती आधीच वस्तीच्या अंगाला अंग लावून होती, नुसती रुंद केली.

भाच्यानं आणखी सांगितलं की तिकडं अपघाती मृत्यूच्या नोंदीत वंश लिहितात. म्हणून त्यांना छातीठोकपणे म्हणता येतं की पायी चालताना मरण्याचं प्रमाण काळ्यांत आणि मूळनिवासींत गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. मी म्हटलं, आमच्याकडे त्या काड्या वहीच्या मागच्या पानावर आहेत. त्याला कळलं नाही. बहिणीला कळलं, ती उठून चहाला गेली.

27 ऑक्टोबर, सोमवार

सकाळी चौकात गलका. पारधी बेड्यावरचा पोरगा, सोळा-सतराचा, सायकलला दोन्ही बाजूंना सीताफळाच्या टोपल्या लावून बाजारात येत होता. चौकातल्या दोघांनी अडवला. "कोणाची सायकल आणली बे? पावती दाखव." पोरगा गप्प उभा. टोपलीतली सीताफळं तोवर गर्दीनं चाचपून मऊ करून टाकली.

मी पुढं होऊन त्या दोघांना विचारलं, तुमच्या सायकलची पावती आहे का खिशात? एक म्हणाला, "आमची गोष्ट येगळी आहे ना, काका." वेगळी आहे हे खरंच आहे. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात पारध्यांसारख्या जमातींना हजेरी लावल्याशिवाय आणि परवाना घेतल्याशिवाय एका गावाहून दुसऱ्या गावी चालताही येत नसे. 1952 च्या 31 ऑगस्टला तो कायदा गेला. सीताफळवाल्याचा परवाना तपासणारे चौकात अजून बसले आहेत.

टपालात असताना बेड्यावर माझी फेरी फारशी होत नसे. तिथं येणारे कागद बहुतेक कोर्टाचे. एकदा एका बाईला पोराचं साधं पत्र आलं होतं, आश्रमशाळेतून. मी वाचून दाखवेपर्यंत ती ते हातात घ्यायला तयार नव्हती.

अर्धा डझन सीताफळं घेतली. गोड निघाली.

30 ऑक्टोबर, गुरुवार

कापसाची वेचणी जोरात. दिवस लहान झालेत. सहाला अंधार पडतो आणि त्याच वेळेला वेचणीच्या बाया रोडनं परततात, डोक्यावर गाठोडं, हातात डबा, एकामागं एक. समोरून दिवे टाकून गाडी आली की सगळ्या थांबून नालीच्या बाजूला तोंड फिरवतात, डोळे दिपतात म्हणून. मागून येणाऱ्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो. वस्तीसमोरचा खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद. दिवाळीत तो असण्याची खरं म्हणजे गरज नव्हती.

4 नोव्हेंबर, मंगळवार

काल तीन कार्यालयांत गेलो. नावं लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, एकानं तर पाणी दिलं, खुर्ची दिली. अर्जात तीनच गोष्टी मागितल्या होत्या. वस्तीपासून शाळेच्या फाट्यापर्यंत साईडपट्टी भरून दाबून घ्या, नालीवर झाकण टाका, आणि बाया-पोरं जिथं रोड ओलांडतात तिथं ब्रेकर आणि दिवा द्या. पहिल्या ठिकाणी सांगितलं, रोड आमचा नाही. दुसऱ्या ठिकाणी, रोड आमचा आहे पण नाली आमची नाही. तिसऱ्या ठिकाणी, नाली आमची आहे, पण तुमचा विषय रोडचा दिसतो.

हा खेळ मला ओळखीचा आहे. पत्ता अपुरा असला की आम्हीही पत्र असंच या बीटवरून त्या बीटवर फिरवत होतो, शेवटी शेरा मारून परत. पण आमच्याकडे निदान परत पाठवायला पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा.

पत्त्यावरून आठवलं. 2020 च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावं काढायचा निर्णय केला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. चांगलं झालं. माझ्या नोकरीभर ती नावं लिफाफ्यांवर रोज वाचली आहेत, कुणी कुणी तर ती मुद्दाम ठळक अक्षरात लिहायचे. पाटी बदलली तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पाटीच्या पुढचा चढ तेवढा राहिला.

आणि आज नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या, 2 डिसेंबरला मतदान. दुपारी त्या तिसऱ्या कार्यालयातून फोन आला, फार अदबीनं. "काका, तुमचा अर्ज लक्षात आहे. पण आता आचारसंहिता." संध्याकाळी दोन इच्छुक वस्तीत येऊन गेले. दोघंही चारचाकीनं आले, गाडी रोडवरच कडेला लावली. साईडपट्टीवर तेवढीच जागा होती, त्यामुळे परतणाऱ्या बाया गाडीला वळसा घालून रोडच्या मधून गेल्या. एकाला मी म्हटलं, "साहेब, आधी गाडी काढा, मग बोलू." त्याला वाटलं मी रागावलोय. नव्हतो. मला बायांना वाट हवी होती.

7 नोव्हेंबर, शुक्रवार

विद्यार्थी दिवस. 1900 साली याच तारखेला भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. नातीच्या शाळेत कार्यक्रम होता आणि मला बोलवलं होतं, वस्तीतला जुना वाचणारा माणूस म्हणून. पोरांना मी शाळेची गोष्ट सांगितली नाही, कारण ती इतर वक्ते सांगणारच होते. रस्त्याच्या दोन सांगितल्या. दोन्ही बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या.

पहिली 1901 ची. भीमराव आणि सोबतची पोरं वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. पोरं महारांची आहेत हे कळलं आणि बंडीवाल्यांनी नकार दिला. एक तयार झाला, दुप्पट भाड्यावर आणि एका अटीवर. बैल पोरांनी हाकायचे, तो पायी चालणार. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या हातात कासरा, अंधारी वाट, प्यायला पाणी नाही. बैल हाकायला मिळाले या गोष्टीला माझ्यासमोरची आजची पोरं हसली.

दुसरी 1929 ची, चाळीसगावची. आता ते बॅरिस्टर. स्टेशनावरून महारवाड्यात जायला टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. वस्तीतल्या लोकांनी तोड काढली, टांगा भाड्यानं घ्यायचा, हाकायला आपलाच माणूस. त्या माणसानं कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत नदीवर मोरी. तिला कठडा नव्हता, अंतराअंतरानं नुसते दगड रोवलेले. चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत.

लोक ही गोष्ट सांगताना टांगेवाल्यापाशी थांबतात. माझं लक्ष आता मोरीवर जातं. टांगेवाल्यानं विटाळ पाळला म्हणून अडाणी हातात लगाम आला, हे खरंच. पण महारवाड्याच्या वाटेवरच्या मोरीला कठडा का नव्हता? कठडा असता तर अडाणी हात असूनही टांगा वाचला असता. मी हे बोललो तेव्हा एक मास्तर घड्याळाकडे बघत होते, आणि मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "आमच्याही मोरीले नाही जी."

ही तारीख वर्धा जिल्ह्याची आणखी एका कारणानं आहे. 1933 च्या 7 नोव्हेंबरलाच गांधीजी वर्ध्याहून हरिजन यात्रेला निघाले होते. आधी रेल्वे आणि मोटार, मग 1934 च्या मे महिन्यात ओडिशात त्यांनी मोटार सोडली आणि पायी चालायला लागले. गांधीजींशी आमचं जुनं भांडण आहे, ते या वहीत मिटायचं नाही. पण पायी चाललं की वस्ती कुठं संपते आणि रस्ता कुठं सुरू होतो हे तळव्याला कळतं, एवढं मी त्यांना देईन.

9 नोव्हेंबर, रविवार

पोरीला म्हटलं, चल, आज रोडवर नाही जायचं.

माझी जुनी अ‍ॅटलस काढली. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला बंद पडला, तो नेमका जागतिक सायकल दिवस होता. माझी चालू आहे. चेन घातली, हवा भरली, गुडघ्याला तेल लावलं. स्टेशनाच्या बाजूनं छोट्या गाडीच्या वाटेवर आलो.

किलिक निक्सन कंपनीच्या काळातली, 1917 ची लाईन. पुलगाव ते आर्वी 35 किलोमीटर, सोरटा, विरूळ, रोहणा करत. रूळ अडीच फूट रुंद, वेग असा की पोट्टे धावत जाऊन चढायचे. बा सांगायचा, त्या डब्यात बसायच्या जागेवरून भांडणं व्हायची, पण ती जागेवरूनच. वाड्यासमोर सायकलवरून उतरणारा माणूस डब्यात मालगुजाराच्या दिवाणजीशेजारी बसून आलेला असायचा. गाडी बंद पडून वर्षं झाली. ब्रॉडगेज होणार हे ऐकत माझे केस पांढरे झाले. तोवर रुळांच्या कडेची पाऊलवाट आहे. शेतावर जाणारे, शेळ्यावाल्या, शाळेची पोरं, सगळे तिनंच जातात, कारण ट्रक तिथं येऊ शकत नाही. कोणी आखली नाही, कोणी निधी दिला नाही. चालून चालून झाली.

दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. काही ठिकाणी रूळ गवतात बुडालेत, काही ठिकाणी बाभळीचा काटा. पहिल्या फर्लांगभर पोरगी माझ्या मागं होती. मग म्हणाली, "आबाजी, तुमी लय हळू चालवता." बाजूनं पुढं गेली.

रपट्यापाशी मी उतरलो. गुडघा. ती थांबेल असं वाटलं होतं, पण ती उतरलीच नाही, रपट्यावरून तशीच पलीकडं चढली. मी हाक मारली. तिनं मागं न बघता घंटी वाजवली, दोनदा, पोस्टमन वाजवतो तशी. उद्या सोमवार, शाळा आहे, आणि ही वाट शाळेकडे जात नाही.